अँडीजमधला लोकरी कॅक्टस जळगावच्या उन्हाळ्यात टिकेल का?

गच्चीवरची बाग (जळगाव)

नमस्कार मंडळी,

जळगावात आमच्या गच्चीवर मी काही वर्षांपासून कॅक्टस आणि इतर रसाळ झाडे लावते आहे. त्यांतली बहुतेक झाडे आपला उन्हाळा मुकाट्याने सोसतात, त्यामुळे त्यांच्याविषयी कोणाला काही विचारण्याची वेळ आली नव्हती. गेल्या दिवाळीनंतर मात्र एका प्रदर्शनातून मी एक वेगळेच रोप आणले. ते साधारण वीतभर उंच असून त्याचे संपूर्ण खोड पांढऱ्या लोकरीने वेढलेले आहे आणि त्या लोकरीतून पिवळसर तांबूस रंगाचे, चांगले जाड काटे बाहेर आलेले आहेत. कुंडीतल्या चिठ्ठीवर ‘ओरिओसेरियस ट्रोली’ असे नाव लिहिलेले होते आणि हा हिमालयातील बर्फात वाढणारा कॅक्टस आहे, असे विक्रेत्याने सांगितले होते.

थंडीभर रोपाची प्रकृती उत्तम होती. शेंड्यावर नवी लोकर आणि नवे काटे दिसत होते. मार्च उलटल्यावर त्याची वाढ थांबली. आता पारा चव्वेचाळीसच्या आसपास फिरतो आहे, खोड किंचित आकसल्यासारखे वाटते आणि बुंध्याशी तपकिरी रंग चढला आहे. थंड डोंगरावरची वनस्पती म्हणून तिला पाणी वाढवावे की घरात कूलरसमोर आणून ठेवावे, हे मला ठरवता येत नाही. पावसाळ्यात तिचे काय करायचे, हाही प्रश्न आहेच. माती रोपासोबत आली तीच आहे, म्हणजे बहुतांश कोकोपीट. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त अध्यापक (धुळे)

ताई, नमस्कार. पाणी वाढवू नका, आणि हे उत्तर वाचून होईपर्यंत तरी झारी बाजूला ठेवा. कारण पुढे सांगतो.

आधी हिमालयाचा विषय संपवू. कॅक्टस कुळातील जवळजवळ सर्व जाती मूळच्या अमेरिका खंडांतल्या आहेत. झाडांवर लोंबत वाढणारी रिप्सॅलिस बॅसिफेरा ही एक जात तेवढी आफ्रिकेत आणि श्रीलंकेतही आपोआप वाढताना आढळते. हिमालयाचा मूळ रहिवासी म्हणता येईल असा एकही कॅक्टस नाही. आपल्या बांधावरचा फड्या निवडुंगसुद्धा अमेरिकेतूनच आलेला आहे, आणि तोडल्यावर पांढरा चीक गळणारे त्रिधारी निवडुंग किंवा शेर हे तर कॅक्टसच्या कुळातले नव्हेतच. हिमालयात चार हजार मीटरच्या आसपास सॉसुरिया वंशातील काही वनस्पती अशाच पांढऱ्या लोकरीत गुरफटलेल्या असतात. कदाचित त्यांची छायाचित्रे पाहून विक्रेत्याचा घोटाळा झाला असावा. ब्रह्मकमळ याच सॉसुरिया वंशातले. आपल्याकडे घरोघरी रात्री फुलणारे जे ‘ब्रह्मकमळ’ असते, ते मात्र मेक्सिकोकडचा कॅक्टस आहे, पण त्या गुंत्यात आता शिरत नाही.

तुमच्या रोपाचे माहेर दक्षिण बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिना या भागातल्या अँडीज पर्वतात, साधारण तीन ते चार हजार मीटर उंचीवर आहे. या जातीचे शास्त्रीय वर्णन १९२९ साली झाले आणि अँडीजमध्ये फिरून भौगोलिक अभ्यास करणारे जर्मन भूगोलतज्ज्ञ कार्ल ट्रोल यांच्यावरून तिला नाव मिळाले. ती फार उंच होत नाही. अर्ध्या ते एक मीटरच्या खोडांचा बुंध्यापासून फुटत गेलेला झुबका बनतो. तिची मोठी बहीण ओरिओसेरियस सेल्सियानस मात्र दोन मीटरच्याही वर जाते. दोघींना शेंड्याजवळ नळीसारखी गुलाबी-तांबडी फुले येतात, ती दिवसा उमलतात आणि गुंजन पक्षी त्यांतला मध प्यायला येतात.

आता मुख्य मुद्दा. अर्जेंटिना आणि बोलिव्हियाच्या सीमेवर ला कियाका नावाचे गाव आहे. ते विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे २२ अंशांवर आहे आणि जळगाव उत्तरेला सुमारे २१ अंशांवर, म्हणजे सूर्याशी दोघांचे नाते जवळपास सारखेच. पाऊसही दोन्हीकडे उन्हाळ्याच्या अंगानेच येतो. तिकडे डिसेंबर ते मार्च, आपल्याकडे जून ते सप्टेंबर. खरा फरक उंचीचा आहे, कारण जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरवर आहे, तर ला कियाका ३४०० मीटरच्या वर. या एका फरकामुळे तिथे भर उन्हाळ्यातही दुपारी वीस-बावीस अंश आणि पहाटे सात-आठ अंश तापमान असते, हिवाळ्याच्या रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो, आणि वर्षभराचा पाऊस आपल्या निम्म्याच्या आसपास पडतो. हवा विरळ असल्याने ऊन मात्र प्रखर असते आणि त्यात अतिनील किरणांचे प्रमाण अधिक असते. ती पांढरी लोकर दिवसा या उन्हाला परतवते आणि रात्री शेंड्याच्या कोवळ्या भागातली ऊब टिकवून धरते.

आपल्याला वाटते की असे झाड आपल्याकडे दुपारच्या चव्वेचाळीस अंशांमुळे मरत असेल. तसे सहसा होत नाही. हळूहळू सवय झालेल्या कॅक्टसचे खोड पन्नास अंशांच्याही वर तापून जिवंत राहू शकते. अडचण आपल्या रात्रींची आहे. कॅक्टस दिवसा आपली पर्णरंध्रे बंद ठेवतात, रात्री ती उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात, तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि दुसऱ्या दिवशी सूर्यप्रकाशात त्याचे अन्न बनवतात. हे काम थंड रात्री, म्हणजे साधारण दहा ते वीस अंशांच्या दरम्यान, चांगले चालते. रात्रीचे तापमान तिशीकडे सरकले की रंध्रे नीट उघडत नाहीत, नवी आवक घटते, आणि श्वसनाचा वेग वाढल्यामुळे साठवलेले खर्च होत राहते. मे महिन्यात आपल्याकडे मध्यरात्रीसुद्धा गच्चीची फरशी हाताला गरम लागते. अशा रात्री या झाडाला उपाशी काढाव्या लागतात. ते वाढ थांबवून स्वस्थ बसते, मुळे पाणी ओढत नाहीत, आणि तेव्हाच आपण दया येऊन पाणी घातले की ते कुंडीत साचून मुळे कुजवते.

म्हणून तुमच्या रोपाची वाढ मार्चनंतर थांबली हा आजार नव्हे, आणि किंचित आकसणे हेही आजाराचे लक्षण नाही. जळगावात या झाडाचा हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत असतो. त्या काळातल्या आपल्या दुपारी त्याला किंचित जास्त उबदार वाटत असतील, पण रात्री जवळपास माहेरच्या उन्हाळ्यासारख्या असतात. पाणी आणि थोडेफार खत द्यायचे ते तेव्हाच. आपल्याकडच्या बहुतेक पुस्तकांत आणि चित्रफितींत ‘उन्हाळ्यात पाणी, हिवाळ्यात विश्रांती’ असे सांगितलेले असते. तो सल्ला थंड देशांतल्या काचघरांसाठी ठीक आहे. खानदेशात तो तसाच्या तसा पाळला तर हे झाड हमखास दगावेल.

केळीपट्ट्यातला रोपवाटिकाकार (रावेर)

सरांनी कारण नेमके सांगितले आहे. मी रोजच्या कामाच्या बाजूने भर घालतो. रोपवाटिकेत आमचे मुख्य काम केळीच्या ऊतिसंवर्धित रोपांचे असले तरी एका शेडमध्ये हौस म्हणून आणि थोड्याफार विक्रीसाठी कॅक्टस ठेवलेले आहेत, त्यांत या वंशाची रोपेही आहेत.

ताई, आत्ताच्या आत्ता करण्यासारखी गोष्ट म्हणजे कुंडीची जागा बदलणे. सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता बाहेर टाकत राहतो, त्यामुळे स्लॅबवर टेकलेल्या कुंडीतल्या मुळांना रात्रीसुद्धा सुटका नसते. कुंडी कमरेएवढ्या उंच लोखंडी मांडणीवर किंवा निदान विटांवर ठेवा, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब ठेवा आणि शक्य असल्यास मांडणीखालच्या फरशीला चुना मारून घ्या. गावाकडे धाब्याचे घर असेल तर ते याहून बरे, कारण मातीचे धाबे स्लॅबइतके तापत नाही. वर पन्नास टक्क्यांची शेडनेट लावावी, पण ती मार्च ते जूनपर्यंतच. हिवाळ्यात जाळी काढून पूर्ण ऊन द्यायचे, नाहीतर खोड बारीक आणि लांबट होते, लोकर विरळ पडते आणि ज्यासाठी आपण हे झाड आणले ती शोभाच जाते.

कोकोपीट मला या झाडाला मुळीच मान्य नाही. ते ओले असताना फार पाणी धरून ठेवते आणि एकदा कडक वाळले की वरून घातलेले पाणी कडेने निसटून जाते, आत शिरतच नाही. आपली काळी कापसाची माती तर याहून वाईट. ती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते आणि त्या ओढाताणीत बारीक मुळे तुटतात. मी चाळलेला मुरूम, विटांचा जाडसर चुरा आणि धुतलेली भरड वाळू यांचे मिश्रण वापरतो व त्यात जेमतेम पाचवा हिस्सा चांगले कुजलेले पानखत घालतो. बारीक भुकटी चाळून टाकणे फार महत्त्वाचे आहे, कारण तीच खाली बसून कुंडीचे छिद्र बुजवते. कुंडी मातीची, रोपापेक्षा फार मोठी नसलेली, असावी. मात्र मातीबदल आत्ता भर उन्हाळ्यात करू नका. सप्टेंबर संपताना करा.

कूलरचे विचारले आहे, तर कूलरसमोर अजिबात ठेवू नका. कूलरची हवा थंड असली तरी दमट असते, खोलीत ऊन नसते, आणि लोकर एकदा ओलसर राहू लागली की तिच्यावर काळी बुरशी चढते.

पावसाळ्यात हे झाड छपराखालीच हवे. प्लॅस्टिकचा किंवा पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक पत्रा वर आणि चारही बाजू मोकळ्या, अशी जागा करावी. जून ते सप्टेंबर आम्ही महिन्यातून फार तर एकदा, तेही सलग उघडीप मिळाली तरच, कुंडीच्या कडेने थोडे पाणी देतो. खोडावरून पाणी ओतायचे नाही.

कीड म्हणाल तर पिठ्या ढेकूण. कापूस करणाऱ्या आपल्या लोकांना त्याची ओळख करून द्यायला नको. पांढऱ्या लोकरीत पांढरी कीड लपते आणि दिसते तेव्हा वेळ गेलेली असते, म्हणून खोडाच्या खाचांत आणि कुंडीतून काढलेल्या मुळांवर अधूनमधून पाहत जावे. निंबोळी तेल लोकरीवर फवारले तर लोकर चिकटून कायमची कळकट होते. त्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या बारीक कुंचल्याने कीड टिपून काढावी आणि तेवढा दिवस झाड सावलीत ठेवावे.

शेवटची सूचना अशी की आपल्या हवेत ज्यांना हे झाड खात्रीने जगवायचे आहे त्यांनी ते कलम करूनच ठेवावे. ड्रॅगन फ्रूटच्या त्रिधारी फांदीवर कलम सहज जमते, ती खुंटरोपे आता आपल्या भागात सर्वत्र मिळतात, आणि ती मुळे आपल्या पावसाळ्याला घाबरत नाहीत.

गच्चीवरची बाग (जळगाव)

सर आणि दादा, दोघांचे मनापासून आभार. कुंडी आजच मांडणीवर चढवली आणि पाणी बंद केले. दोन शंका राहतात. बुंध्याचा तपकिरी रंग हा कुजण्याचा आहे की वयाचा, हे कसे ओळखावे? आणि कलम करायचेच असेल तर ते आत्ता करावे का?

सातपुड्याच्या पायथ्याशी (शहादा)

ताईंच्या प्रश्नात माझाही एक प्रश्न जोडतो. आमचे काही नातलग तोरणमाळला राहतात. तिथली उंची अकराशे मीटरच्या वर आहे आणि उन्हाळ्याच्या रात्री शहाद्यापेक्षा बऱ्याच सुखाच्या असतात. धडगाव आणि मोलगीकडच्या उंच पाड्यांवर तर कडाक्याच्या थंडीत पहाटे दव गोठल्याच्या बातम्याही येतात. मग हे झाड तोरणमाळला जमिनीतच लावले तर जास्त चांगले वाढेल का? शिवाय माझ्याकडेही एक पांढऱ्या लोकरीचा कॅक्टस आहे, पण त्याचे काटे जाड नाहीत, अगदी बारीक आणि आखूड आहेत. तो हाच असावा का?

निवृत्त अध्यापक (धुळे)

शहादेकर भाऊ, तुमचा कॅक्टस बहुधा एस्पोस्टोआ लनाटा असावा. तो पेरू आणि इक्वेडोरचा आहे आणि अँडीजमध्येच, पण बऱ्याच कमी उंचीवर वाढतो. त्याच्या खोडावर अनेक अरुंद धारा असतात, काटे बारीक असतात आणि लोकर पातळ जाळीसारखी सगळीकडे सारखी पसरलेली असते. ओरिओसेरियसमध्ये मात्र लोकर भेदून दणकट काटे बाहेर येतात. एस्पोस्टोआला मोठेपणी खोडाच्या एका बाजूला दाट लोकरीचा पट्टा येतो आणि त्यातून रात्री उमलणारी पांढरट फुले निघतात, ज्यांच्याकडे वटवाघळे येतात. खानदेशासाठी मला विचाराल तर मी ओरिओसेरियसपेक्षा एस्पोस्टोआच सुचवेन, कारण उबदार रात्री त्याला एवढ्या जाचत नाहीत. नुसता पांढरेपणा हवा असलेल्या माणसाने त्याच्यावर समाधान मानावे.

तोरणमाळची कल्पना अर्धी बरोबर आहे. उंची हजार मीटरने वाढली की तापमान साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरते, तेव्हा मे महिन्यातल्या रात्री तिथे या झाडाला नक्कीच मानवतील. थंडीचीही भीती नको. कोरडे ठेवलेले ओरिओसेरियस शून्याखाली आठ-दहा अंशांपर्यंतची थंडी सहन करते, कारण त्याच्या मायदेशात थंडी आणि कोरडेपणा एकाच वेळी येतात. त्या दिवसांत खोडातले पाणी कमी झालेले असते, पेशींतला रस घट्ट होतो आणि तो सहजासहजी गोठत नाही. पण तोरणमाळचा पावसाळा धुक्याचा आणि ओलाव्याचा आहे. अँडीजमध्ये एक सर येऊन गेली की कोरडी, विरळ हवा आणि वारा तासाभरात सगळे सुकवतात. तोरणमाळला जुलै-ऑगस्टमध्ये लोकर आठवडेच्या आठवडे ओली राहील. म्हणून तिथेही कुंडी, छप्पर आणि मोकळा वारा या तीन गोष्टी लागतीलच. जमिनीत, आणि त्यातही रानात, लावण्याचा विचार तर सोडूनच द्यावा. परदेशी निवडुंग मोकळा सुटला की काय होते ते फड्या निवडुंगाने दाखवले आहे. दक्षिण भारतात त्याने इतकी जमीन व्यापली होती की अखेर १९२६ मध्ये श्रीलंकेतून कोचिनील जातीचे किडे आणून त्याला आवर घालावा लागला. ओरिओसेरियस तितका पसरेल असे मला वाटत नाही, परंतु जंगलाच्या जमिनीवर प्रयोग करण्याचे ते कारण होऊ शकत नाही.

ताई, आता तुमच्या शंका. बुंध्यावर सुती कापड गुंडाळलेल्या बोटाने किंवा पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलकेच दाबून पाहा. भाग लाकडासारखा कठीण आणि कोरडा असेल, रंग फिकट तपकिरी असेल आणि तो महिनोन्महिने बुंध्यापासून अगदी सावकाश वर सरकत असेल, तर ती खोड जुने होताना येणारी साल आहे. तिला काहीच करायचे नाही. भाग दबत असेल, ओलसर असेल, रंग काळपट किंवा तांबूस असून आठवड्याभरात वाढलेला दिसत असेल, किंवा त्याला आंबूस वास येत असेल, तर ती कूज आहे. त्या वेळी वाट पाहू नये. धारदार सुरी स्पिरिटने पुसून खोड वरच्या निरोगी भागात आडवे कापावे आणि आतले वर्तुळ पूर्ण हिरवट-पांढरे, कुठेही तांबूस ठिपका नसलेले दिसेपर्यंत चकत्या काढत जाव्यात. प्रत्येक कापानंतर सुरी पुन्हा पुसावी. मग त्या जखमेवर कृषी सेवा केंद्रात मिळणारी गंधकाची भुकटी लावून वरचा भाग सावलीत, हवेशीर जागी, काप सुकून कडक होईपर्यंत ठेवावा. असा तुकडा उन्हाळ्यात मुळे फोडण्याची घाई करत नाही. तो थंडी सुरू होईपर्यंत कोरड्या मुरमावर नुसता उभा ठेवला तरी चालतो, कारण त्याच्या पोटात पाण्याचा साठा असतो.

कलमाबाबत रावेरच्या भाऊंशी माझा थोडा मतभेद आहे. ड्रॅगन फ्रूटच्या खुंटावर हे झाड पावसाळ्यात तगते हे खरे, पण तो खुंट त्याला पाणी आणि अन्न इतक्या वेगाने पुरवतो की खोड फुगते, धारांमधले अंतर वाढते, लोकर विरळ होते, आणि पुढे जाडजूड झालेल्या कॅक्टसचे वजन तो मऊ खुंट पेलू शकत नाही. शिवाय त्या खुंटाला कडक थंडी मानवत नाही, त्यामुळे शहादेकरांच्या नातलगांसारख्या उंचावरच्या लोकांना तो उपयोगाचा नाही. निरोगी रोप स्वतःच्या मुळांवरच राहू द्यावे आणि कलम हा कूज लागलेल्या रोपाचा शेंडा वाचवण्याचा उपाय म्हणून हाताशी ठेवावा, असे मला वाटते. तेव्हाही ट्रायकोसेरियसच्या स्तंभासारख्या जातीचा खुंट मिळाला तर तो अधिक टिकाऊ ठरतो.

केळीपट्ट्यातला रोपवाटिकाकार (रावेर)

सरांचे फुगण्याबद्दलचे निरीक्षण मला मान्य आहे; आमच्या कलमी रोपांची लोकर खरोखर विरळ असते. पण गिऱ्हाइकाला पहिल्याच पावसाळ्यात रोप गमवायचे नसते, म्हणून विक्रीला आम्ही कलमीच ठेवतो आणि स्वतःसाठी मूळचे.

कलम आत्ता करावे का, या ताईंच्या प्रश्नाचे उत्तर असे की रोप निरोगी असेल तर करूच नये, आणि कूज निघाली तरच करावे, मग महिना कोणताही असो. उन्हाळ्यात केलेले कलम किमान दोन आठवडे पूर्ण सावलीत ठेवावे, जोडावर पाण्याचा थेंबही पडू देऊ नये, आणि वरून रबरबँडने बांधताना लोकरीच्या केसांचा एकही तंतू दोन कापांच्या मध्ये अडकलेला नाही ना, हे भिंगाने पाहून घ्यावे. या वंशाची कलमे बहुतेक वेळा त्या एका तंतूमुळेच फसतात.